तलवार माशाला किल्लीची फिरकी

"मामा, हे सगळं घेऊन आपण बारवी धरणावर मासे पकडायला जाणार?" जमिनीवरचा पसारा बघून राजसीच्या धाकट्या भावाने, सोनूने, डोळे मोठे केले. "या गळाला तर मीच अडकेन!"

"अरे, तिकडे छोटा गळ नेऊ. हा तलवार माशाचा आहे!" कैलासमामा हसला आणि लगेच कळवळला. हसलं की भुवईवरचे अकरा टाके ओढले जायचे.

राजसीला त्या टाक्यांकडे बघवत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मामा रत्नागिरीहून कॅम्प पाच या कारखान्यांच्या वस्तीत त्यांच्या घरी आला खरा, पण डोक्याला पट्टी बांधून आणि बोटीवरचं काम गमावून!

"तलवार मासा पकडतात कसा?" शेजारच्या हिमानीने विचारलं. "तलवारीनं दोरी नाही कापत?"

मामाचा चेहरा उजळला. "समुद्रात मैलोन्‌मैल एक दोरी सोडायची. तिला खाली शेकडो उपदोऱ्या. टोकाला गळ, गळाला बांगडा नाहीतर माकूल, आणि जवळ ही हिरवी उजेडकांडी. अंधार पडला की हा मासा खायला वर येतो. उजेड बघून जवळ येतो, पण लगेच गिळत नाही हं! आधी तलवारीनं फटका मारून भक्ष्य अर्धमेलं करतो, मग तोंडात घेतो."

"आणि मग?" सोनू पुढे सरकला.

"मग शे-दीडशे किलोचं धूड गरागरा फिरतं! दोरीला पीळ पडू नये म्हणून मध्ये ही फिरकी. दोन कड्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारा दांडा. सगळी मदार हिच्यावर."

"आणि तीच तुटली," राजसी म्हणाली.

मामाने टाक्यांना हात लावला. मासा बोटीजवळ आला असताना फिरकी तुटली होती. दोरीतलं शिशाचं वजन गोळीसारखं उलटं आलं होतं. बोटभर खाली लागतं तर डोळाच गेला असता.

"तांडेल म्हणतो, फिरकी तुटली नाही, तू गाठ नीट मारली नाहीस. तो बोटीचा प्रमुख, त्याच्यापुढे कोण बोलणार? फिरकीचा हा तुकडा मला नंतर दवाखान्यात सापडला, शर्टात अडकलेला. फोन केला तर म्हणाला, जपानी माल आहे, असा तुटत नाही." मामाने मान खाली घातली. "बारा वर्षं गाठी मारतोय गं. पण आता माझा मलाच भरवसा वाटेना."

राजसीचे कान तापले. मामाला असं बोलताना तिने कधीच ऐकलं नव्हतं.

हिमानी मात्र तो तुकडा डोळ्यांजवळ धरून बघत होती. तिने गळ्यातली घराची किल्ली काढली. किल्लीच्या साखळीलाही एक फिरकी होती. तशीच कडी, तसाच दांडा, आणि कडेला साच्याची तीच वाकडी रेघ.

"सेम टू सेम!" ती ओरडली. "ही मी महेशशेठच्या कारखान्यातून घेतली. दोन गल्ल्या सोडून!"

"मामा, या फिरक्यांची पाकिटं बोटीवर अजून आहेत?" राजसीने विचारलं.

"आहेत ना. बोट आज पाच वाजता सुटतेय."

राजसीने घड्याळ बघितलं. पावणेतीन! ती उठली आणि चप्पल घालायलाही न थांबता धावत सुटली.

महेशशेठच्या कारखान्यात किल्लीच्या साखळ्या बनायच्या. दारात एक पोतं उघडं पडलं होतं. एक बाई त्यातल्या फिरक्या साखळ्यांना लावत होती. दुसरी बाई त्याच पोत्यातल्या फिरक्या छापील पाकिटांत भरत होती. पाकिटावर माशाचं चित्र, खाली 'जपान' आणि 'दोनशे किलो'!

"काका, हे काय चाललंय?" राजसी गरजली. "किल्ल्यांच्या फिरक्या तुम्ही समुद्रात पाठवता? माझ्या मामाचा डोळा गेला असता!"

महेशशेठने चहाचा कप खाली ठेवला. "कोण मामा? ए, गाठ मारता येत नाही त्याने बोटीवर जाऊ नये. चल, निघ इथून!"

"पण पोतं तर एकच आहे!"

"पुरावा आहे का? पाकीट आणलंस तरी मी म्हणेन, आतला माल तूच बदललास! चल!"

शटर अर्धं खाली आलं. राजसी रस्त्यावर अनवाणीच उभी होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचाही तिला राग आला.

"बस झालं ओरडणं," मागून आलेली हिमानी म्हणाली. "पाकीट त्यानेच फोडलं पाहिजे, आपण नाही. सोनूला तो ओळखत नाही ना? आणि समोर बनूमावशीचं भंगारचं दुकान आहे. तिच्याकडे वजनाचा लटकता काटा आहे!"

दहा मिनिटांत सोनू फोन उंच धरून महेशशेठसमोर उभा राहिला. "नमस्कार दोस्तांनो! आज आपण भेटणार आहोत कॅम्प पाचच्या एका मोठ्या उद्योजकांना! सर, तुमचा सगळ्यात मजबूत माल कोणता?"

'सर' म्हटल्याबरोबर महेशशेठने केसांवरून हात फिरवला. "हा बघ! मासेमारीची फिरकी. हत्ती लटकव!"

"हत्ती नाहीये सर, पण समोरच्या मावशींकडे गाडीचं जुनं इंजिन आहे. एकशे चाळीस किलोचं. लटकवायचं?"

"चल की! घाबरतो काय?"

कॅमेऱ्यासमोर त्याने स्वतःच पाकीट निवडलं, नंबर दाखवला आणि स्वतःच्या हाताने फोडलं. बनूमावशी तयारच होत्या. वर साखळीची कप्पी, तिला काटा, काट्याला फिरकी, फिरकीला इंजिन.

"सगळे लोखंडी कपाटाच्या मागे!" हिमानीबरोबर आलेल्या मामाचा आवाज आला. त्याचे टाके आणि शेजारची राजसी बघून महेशशेठचा चेहरा पडला. "अरे, थांबा—"

पण मावशींनी साखळी ओढायला सुरुवात केली होती. हिमानी आकडे वाचत होती. "वीस! तीस! छत्तीस—"

ताड्!

इंजिन जागचं हललंही नव्हतं. फिरकीचा तुकडा पत्र्यावर आपटून पार रस्त्यावर गेला.

मामाने आपल्या पिशवीतली एक जुनी, मिठाने काळवंडलेली फिरकी काढून अडकवली. इंजिन वर उचललं गेलं आणि झुलत राहिलं. गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली.

"अगं, एवढं काय त्यात!" महेशशेठ कसनुसं हसला. "तुटली तर तुटली. एखादा मासा जाईल."

"मासा?" राजसी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हे अकरा टाके माशाला नाही पडले! मामाचं काम गेलं! बारा वर्षांच्या गाठींवरचा त्याचा विश्वास गेला! तुम्हाला सगळं माहीत होतं. पाकिटावर दोनशे किलो कुणी छापलं? तुम्हीच ना?"

महेशशेठ कारखान्याकडे सरकला. पाकिटं भरणारी बाई दारात आली आणि हातातला गठ्ठा तिने जमिनीवर टाकून दिला.

सोनूने व्हिडिओ तांडेलला पाठवला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. चार पंचवीसला फोन वाजला.

"कैलास, बोट थांबवली. सगळ्या फिरक्या काढतोय. गाठ तुझी नव्हती."

"स्पीकरवर आहात," राजसी म्हणाली. "हेच तुमच्या सगळ्या खलाशांसमोर सांगा. मोठ्याने."

पलीकडे पावलं वाजली. मग तांडेलचा खणखणीत आवाज आला. "ऐका रे सगळ्यांनी! कैलासची गाठ चोख होती! चूक माझी! जखम बरी झाली की ये रे बाबा, तुझी जागा तुझीच आहे!"

मामाने तोंड दुसरीकडे वळवलं.

"शाब्बास गं पोरींनो! आणि तू रे, शूटिंगवाल्या!" बनूमावशींनी सोनूची पाठ थोपटली. "मोठ्या माणसांना जमलं नाही ते करून दाखवलंत!"

पण राजसीने कारखान्यात जाऊन स्टूल ओढलं आणि ती महेशशेठच्या टेबलासमोर बसली. "काका, हा माल आणखी कुठे कुठे गेलाय? आता एकेका दुकानदाराला फोन लावायचा."

गर्दी हटायला तयार नव्हती. महेशशेठने निमूट फोन उचलला.

दिवेलागणीला आई शोधत आली. तिला सगळी हकीकत आधीच कळली होती. तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "मला तुमचा फार अभिमान वाटतो. गेला का आता राग? चल घरी."

"नाही गेला," राजसी जागची न हलता म्हणाली. "मालवणच्या आणि हर्णैच्या दुकानदारांनी अजून फोन उचलला नाहीये. काका, परत लावा!"