मोरांचं भांडं आणि बारा मुकुट

"नीलूताई, काकांच्या धोतरावर इंग्लंडच्या राणीचा मुकुट उमटलाय!"

शिवपुत्र धापा टाकत गच्चीवर आला, तेव्हा त्याची मोठी बहीण नीलम्मा आणि मंद्रूपहून सुट्टीला आलेली त्यांची आतेबहीण जगदेवी वाळत घातलेल्या कुरड्या राखत बसल्या होत्या. १९७४ सालचा मे महिना. सोलापूरचं ऊन असं की गच्चीवर अनवाणी पाऊल टाकायची सोय नाही!

"मुकुट? धोतरावर?"

"मांडीवर! निळा!"

कुरड्या कावळ्यांच्या हवाली करून तिघं धडाधड खाली आली. गुरुसिद्धप्पाकाका भिंग लावून एक ताटली न्याहाळत बसले होते. नुकतीच त्यांनी ती ओल्या फडक्यानं पुसून मांडीवर ठेवली होती आणि पांढऱ्याशुभ्र धोतरावर खरोखरच मुकुट छापला गेला होता!

काका सुताचे व्यापारी, पण जीव सगळा जुन्या विलायती चिनी मातीच्या भांड्यांत. सत्तेचाळीस साली साहेबलोक गाव सोडून गेले, तेव्हा लिलावात त्यांनी सूप वाढायचं एक झाकणाचं भांडं घेतलं होतं. दुधासारखं पांढरं, त्यावर निळे मोर आणि झाकणाला सोनेरी कडा. आता कुंडलिकराव नावाचा एक दलाल ते मागत होता. बदल्यात 'खास राणीच्या टेबलावरच्या' बारा गुलाबी फुलांच्या ताटल्या देणार होता. नमुन्याची एक तो ठेवून गेला होता. उद्या सकाळी दहाला अदलाबदल!

"काका, ताटलीच्या तळाचा शिक्का धोतराला लागलाय," नीलम्मा म्हणाली.

"छे! धोब्यानं नीळ जास्त घातली असेल."

"मुकुटाच्या आकाराची?"

"नीलू, दोनशे वर्षांची ताटली आहे ती! तुम्हा पोरांना काय कळतंय त्यातलं? जा, कुरड्या राखा!"

बाहेर आल्यावर जगदेवी कुजबुजली, "दोनशे वरसाचा शिक्का अजून वला कसा गं?"

नीलम्मा थबकली. मोरांचं भांडं उद्या या घरातून जाणार! तिनं भराभर इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात ताटलीचं रिकामं खोकं पडलं होतं. त्यावर टॉवेलच्या एका कारखान्याचा पत्ता होता, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला.

"शिवपुत्र, सायकली काढ!"

एमआयडीसीत मागांचा असा खडखडाट चालला होता की बोललेलं ऐकू येईना. त्या पत्त्यावरच्या कारखान्यामागे पत्र्याची एक शेड होती आणि तिथून मात्र चहाचा वास येत होता. नीलम्मा आणि जगदेवी टॉवेलच्या गठ्ठ्यांवर चढून खिडकीतून डोकावल्या.

आत चुलीवर चहाचं मोठं पातेलं रटरटत होतं. शेजारच्या टबात चहा भरलेला, आणि त्यात ताटल्या बुडवलेल्या! बिरप्पा नावाचा म्हातारा कामगार त्या उलटसुलट करत होता. कुंडलिकराव मांडी घालून बसला होता आणि गठ्ठ्यांवर मारायच्या शाईत रबरी शिक्का बुडवून ताटल्यांच्या तळांवर हाणत होता. ठप्प! ठप्प!

"बिरप्पा, चहा अजून कडक कर! दोनशे वर्षांचा रंग यायला हवा!"

"काल तर दीडशेच म्हनला हुता की, मालक!"

जगदेवीनं तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबली. तेवढ्यात नीलम्माच्या लक्षात आलं, शिवपुत्र कुठे आहे? तो दारातच उभा होता!

"मामा, एक कप मिळेल का?"

"ह्यो प्यायचा न्हाय रं पोरा! ह्यो ताटल्यांना पाजायचा हाय!" बिरप्पा म्हणाला.

"कोण आहे रे तो?" कुंडलिकराव उठला.

"मी... मी तहानलेला!"

"पळ!" नीलम्मा ओरडली. शिवपुत्र सुटला. त्याच्यामागे धावताना कुंडलिकरावाचा पाय थेट टबात गेला. धबाक! तो बाहेर येईपर्यंत सायकली रस्त्याला लागल्या होत्या.

पण घरी काकांनी अर्ध्यातच बोलणं तोडलं. "एवढ्या उन्हात एमआयडीसीत गेलात? उद्या कोणी बोलायचं नाही!"

"बोलायचं नाही ना? मग नाहीच बोलायचं," नीलम्मा म्हणाली, आणि तिघांची डोकी एकत्र आली.

सकाळी दहाला कुंडलिकराव स्कूटरवरून आला. किंचित लंगडत होता. बैठकीत बारा ताटल्या मांडल्या गेल्या. काकांनी जड मनानं मोरांचं भांडं पुढे सरकवलं. तोच नीलम्मा आणि जगदेवी गरम पाण्याचं घंगाळ घेऊन आत आल्या. पाण्यात चिंच कोळलेली होती.

"बाहेरून आलेलं भांडं धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, असं काकू म्हणते," नीलम्मा गरीब चेहऱ्यानं म्हणाली.

"नको, नको! पाण्यात नको!" कुंडलिकराव किंचाळला.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो? राणी काय दोनशे वर्षं न धुतलेल्या ताटलीत जेवली?"

जगदेवीनं तोवर ताटल्या बुडवून खसाखसा चोळल्याही! पाणी चहासारखं झालं, तिचे हात निळे झाले, आणि ताटल्या कालच बाजारातून आणल्यासारख्या लख्ख निघाल्या. मुकुट एकीवरही नव्हता!

काकांनी एक ताटली खिडकीच्या उजेडात धरली. पलीकडचं बोट दिसेना. "अय्यो! अस्सल चिनी माती ओळखायला आयुष्यभर मी भांडं उजेडात धरून पलीकडचं बोट दिसतंय का बघत आलो. आणि या खेपेला नुसता मुकुट बघून भुललो!"

कुंडलिकराव दाराकडे धावला. स्कूटर सुरू झाली, दोन हात गेली आणि लटपटली. दोन्ही चाकांत हवा नव्हती! जिन्याखालून शिवपुत्र हळूच बाहेर आला. काकांच्या दुकानातल्या माणसांनी कुंडलिकरावाला धरून पोलीस चौकीत नेलं.

काकांनी नीलम्माच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, काल मी तुझं ऐकायला हवं होतं. तुम्ही तिघांनी माझं भांडंही वाचवलंत आणि अब्रूही!"

"आमी कुटं काय केलं? धुनं केलं की!" जगदेवी म्हणाली, आणि काका पोट धरून हसले.

दुपारी त्यांनी स्वतः त्या मोरांच्या भांड्यात आमरस ओतला. काकू डोळे विस्फारून बघतच राहिली.

"संपवा रे सगळा!" काका म्हणाले. "तळाशी काय आहे, ते आजवर मी एकट्यानंच पाहिलंय."

तिघांनी वाट्यांवर वाट्या रिचवल्या. शेवटचा डाव शिवपुत्रनं वाढून घेतला. पिवळ्या रसातून आधी एक निळा तुरा डोकावला, मग इवलीशी मान. मोराचं एक एवढंसं पिल्लू मान वळवून थेट त्यांच्याकडेच बघत होतं!