चित्राखाली नाव नको

१९९२चा जानेवारी. सोव्हिएत रशियाचे तुकडे होऊन महिनाही झाला नव्हता. वडिलांमागे पंचवटीतला आमचा छोटा छापखाना मी एकटीच चालवत होते. वय चौतीस, गावाच्या लग्नपत्रिका छापायच्या, स्वतःची मात्र राहूनच गेलेली...

अवकाळी भुरभुर चुकवत एकजण आत शिरला. शर्टाच्या आतून त्यानं कागद काढला. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम! नवरीच्या वेशात भारत पोह्यांची बशी घेऊन उभा, सोफ्यावर पायावर पाय टाकून अमेरिका, आणि दाराबाहेर फाटक्या कोटातला रशिया चपला शोधतोय.

मला हसू फुटलं. "किती छापू?"

"पन्नास. आणि... चित्राखाली नाव नको."

"घाबरता?"

"ओझरला विमानाच्या सरकारी कारखान्यात आहे. कळलं तर नोकरी जाईल. घरी आई, दोन बहिणी — सगळ्या माझ्यावर."

त्याचं नाव गोरक्ष. मग दर रविवारी नवं चित्र. मी छपाईसाठी ब्लेडनं चित्राबरहुकूम फिल्म कापायचे, तो शेजारी बसायचा.

"अमेरिकेचं नाक बारीक झालं."

"दुसऱ्याच्या घरात खुपसायला एवढं पुरे."

दाराशी भाजी विकणाऱ्या सिंधुबाई ओरडायच्या, "सुवर्णे, पाव्हण्याला चहा पाज! काय नुसत्या चित्रापायी येत नाय तो!"

तो शाईच्या डब्यात बघत बसायचा.

चित्रं चौकाचौकांत चिकटली आणि माझी झोप उडाली. दारात कुणाची सावली पडली तरी मी फिल्म पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सरकवायचे. एका रविवारी साध्या वेशातला पोलीस माग काढत आलाच.

"कोण काढतं हे?"

गोरक्ष उठू लागला. लाल शाईनं भरलेल्या हातानं मी त्याचा खांदा दाबला. "मी."

"थट्टा करता, बाई?"

मी पेन्सिल घेतली. इतकी नाकं कापली होती, की हात आपसूक चालला. पोलीस बघतच राहिला.

"आणि हा कोण?"

"पत्रिका छापायला आलाय."

"कुणाचं लग्न?"

गोरक्ष म्हणाला, "माझं... यांच्याशी."

त्याच्या शर्टावरचा माझा लाल पंजा बघून पोलीस हसला. "लग्नानंतर हे उद्योग बंद," म्हणाला आणि गेला.

"थाप मारलीत ना?" मी विचारलं.

"थाप असती तर आवाज कापला नसता."

मे महिन्यात आमचं लग्न झालं. तो पोलीस मालेगावला बदलून गेला. सिंधुबाई गेल्या, त्यांची जागा सून चालवते. गोरक्ष ओझरहूनच निवृत्त झाले; चित्रं तोवर माझ्या नावावर निघत राहिली. तीन वर्षांपूर्वी ते गेले. अजूनही टीव्हीवर कुणी परदेशी पाहुणा विमानातून उतरून आपल्या पंतप्रधानांना मिठी मारतो... आणि मी हसत शेजारच्या खुर्चीकडे वळते.