चुंबक लावलंत का?

लिफ्ट बंद होती. चार मजले चढून तो वर आला तेव्हा बिचाऱ्याला धाप लागली होती. हातात डबा, डब्यात फॉइलमध्ये गुंडाळलेला काळा दगड.

"उल्कावाल्या मॅडम कुठे बसतात हो?" जिन्यात भेटलेल्या मुलीला त्याने विचारलं.

"बसायला फुरसत कुठे असते त्यांना... मीच ती. बोला."

"तुम्ही? मला वाटलं, जाड चष्म्याच्या कुणी आजीबाई असतील!"

तिला हसू आवरेना. तो वाळवंटात पाइपलाइनसाठी जमीन मोजणारा सर्व्हेवाला. ती प्रयोगशाळेत पाच वर्षं हंगामी. एखादं नाव घेण्याजोगं काम झालं तरच कायम करू, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि हा पठ्ठ्या घामाघूम होऊन तिच्यापुढे डबा उघडत होता!

दगड बघून तिचे डोळे लकाकले. "चुंबक नाही ना लावलंत? सगळे लावतात... लोखंड आहे का बघायला. पण एकदा चुंबक टेकलं की दगडातली सगळ्यात जुनी खूण पुसली जाते. सूर्य लहान होता तेव्हाची!"

"छे हो! मी कशाला लावतोय?"

ती इतकी हरखली, की त्याने नजर खाली वळवलेली तिला दिसलीच नाही.

तिने दगडाचा कागदासारखा पातळ काप काढला. मायक्रोस्कोपखाली काळ्या भुग्यात इवलेइवले रंगीत गोल कण दिसले. कार्बनवाली उल्का, अगदी दुर्मीळ! "आणि पाणी मुरलंय हं यात," ती म्हणाली.

"दगडात? त्या दिवशी माझ्या बाटलीतसुद्धा नव्हतं!"

मग तो दर सुट्टीला येऊ लागला. डोळ्याला भिंग लावायचा आणि बघायचा तिच्याकडेच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तिच्या ताईने फोनवर विचारलं, "काय गं, त्या दगडाचं कुठवर आलंय?"

"कुठल्या?"

"दोन्ही सांग!"

चुंबकीय खूण मोजायचं यंत्र दुसऱ्या शहरात होतं. पाच महिन्यांनी नंबर लागला. तोवर तिने कायमच्या जागेच्या अर्जात ठसठशीत लिहून टाकलं होतं, दगडाला चुंबक लागलेलं नाही. सरांनी चार लोकांत तिचं कौतुकही केलं होतं.

आकडे आले. जुनी खूण साफ गेली होती. दगडावर होता तो हातातल्या साध्या चुंबकाचा ठसा.

त्याच दुपारी तो आला. हसत हसत.

"लावलं होतंस?"

त्याचं हसू मावळलं. "...एकदाच. सापडला तेव्हा."

"मग नाही का म्हणालास?"

"हो म्हणालो असतो तर तू डबा परत दिला असतास. मग हा जिना मी कशाच्या निमित्ताने चढलो असतो? तू... पाहताक्षणीच आवडलीस गं."

हेच ऐकायला ती पाच महिने आसुसली होती. आणि आलं ते असं!

"आणि नंतर? मी अर्ज लिहीत होते तेव्हा शेजारीच बसला होतास ना?"

"रोज सांगणार होतो... आईशप्पथ."

तिने त्याच्यादेखत अर्ज मागे घेतल्याची चिठ्ठी लिहिली. उल्केचा वर्ग चुंबकाने बदलत नाही, म्हणून नोंदणीचे कागद मात्र पुरे केले. शोधणारा म्हणून त्याचं नाव घातलं. 'चुंबकाचा स्पर्श झालेला आहे,' हेही लिहिलं.

"आणि आपलं?" त्याने चाचरत विचारलं.

"मलाही आवडतोस तू. खूप आवडतोस, मेल्या! पण उद्या जेवलास का विचारलं आणि तू हो म्हणालास, तरी मला खात्री करून घ्यावीशी वाटेल. असा संसार होतो का रे?"

तो जिना उतरून गेला.

कायमची जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. त्याच आठवड्यात त्याचा मेसेज आला... "वाळवंटात परत आलो. सुखरूप पोचलो."

तिने तो तीनदा वाचला. आणि मग न राहवून त्याच्या ऑफिसला फोन लावला.

"पोचले का हो ते?"

"हो, सकाळीच."

खरंच पोचला होता. तिने फोन ठेवला, आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली.