वॉल्टरचा पितळी दांडा

"वॉल्टरचा दांडा जागेवर नाही!"

हेस्टरची हाक आली तेव्हा मिस थॉर्लीचा मदतनीस क्लिफर्ड घामाघूम होऊन कालव्याच्या लॉकवरून परतत होता. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद: पाणी भरलं की आतली नाव वर चढते, सोडलं की खाली उतरते, आणि वरून आत शिरायचं तर तो आधी भरलेला लागतो. जेवणासाठी नाव लॉकच्या वरच्या अंगाला बांधली होती. हेस्टर आणि एडगर नावेवरच थांबले होते. जायचं होतं खाली, म्हणून दोघं खानावळीतून निघताच मिस थॉर्लीने त्याला थेट लॉक तयार करायला पिटाळलं होतं.

"रिकामं ठणठणीत होतं. भरता भरता हात गळून पडले," तो कुरकुरला. कुणी लक्ष दिलं नाही.

नाव बांधली की सुकाणूचा दांडा काढून ठेवायचा रिवाज. आज हेस्टरने तो छपरावर ठेवला होता. तिचा नवरा वॉल्टर जाऊन वर्ष होत आलं होतं, संध्याकाळी नाव नव्या मालकाच्या हवाली करायची होती. त्याच्या पंजाने झिजलेल्या त्या मुठीवर हात ठेवून शेवटचा पल्ला पार करायचा, एवढंच तिला हवं होतं. मिस थॉर्ली पेशाने गुप्तहेर. आज ती मैत्रीण म्हणून आली होती, पण डोळे काही घरी ठेवून आली नव्हती.

"एडगर, तू इथंच होतास ना?"

वॉल्टरच्या धाकट्या भावाने चहाचा मग खाली ठेवला. "होतो की. तुम्ही यायच्या जरा आधी एक हिरवी नाव लॉकमधून वर आली. अगदी खेटून गेली. त्यातल्याच कुणीतरी हात मारला."

"तिच्यानंतर खाली कुणी गेलं?"

"कुणीच नाही."

"हेस्टर, तू पाहिलीस ती नाव?"

"मी आत भांडी घासत होते. आणि रडत होते गं. समोरून बैल गेला असता तरी दिसला नसता."

"मग चला, त्या हिरव्या नावेमागे!" क्लिफर्ड सरसावला.

"सुकाणू काय दातांनी वळवणार?" मिस थॉर्ली म्हणाली. " अरे, चोर तूच पकडलास. तुला पत्ता नाही इतकंच."

"मी? कसा?" क्लिफर्डने विचारलं.

"नाव वर आणायची तर लॉक भरावं लागतं. ती निघून गेली की ते भरलेलंच राहतं. त्यानंतर खाली कुणी गेलं नाही, मग तुला ते रिकामं कसं मिळालं? हिरवी नाव आलीच नाही. एडगर, एरवी तू असली चूक केली नसतीस."

एडगरने छपरावर रचलेली जळणाची लाकडं बाजूला केली. खाली त्याच्या स्वेटरात दांडा गुंडाळलेला होता.

"आज नाव पोचली नसती, तर उद्या पुन्हा यावं लागलं असतं," तो म्हणाला. "दर रविवारी मी इंजिन तपासायला येतो, हेस्टर. इंजिनाला काय धाड भरलीय! वॉल्टर गेल्यापासून घरी भिंतींशी बोलतो मी. नाव गेली की तुझ्याकडे यायला निमित्त काय उरणार?"

हेस्टरने दांडा सुकाणूवर बसवला. बराच वेळ ती मुठीवरून हात फिरवत राहिली.

"नाव जाईल. शब्द दिलाय मी."

एडगरची मान खाली गेली.

"पण रविवारी मी अजून दोघांचं रांधते," ती म्हणाली. "तू मागे इंजिनाशी बोलत बसायचास, आणि मी आत वाट बघायची, आज तरी हा जेवायला थांबतो का."