एक ओळ जास्त

समबाई हे नाव ऑफिसातल्यांनी त्यांना पाठीमागे ठेवलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. कोण कुणाच्या टेबलाशी किती वेळ उभं राहतं, कोण कुणाला बघून जिन्यात रेंगाळतं, याचा ताळा ज्यांच्या डोक्यात रोज संध्याकाळी जुळलेला असतो, त्यांच्यापासून टोपणनाव लपतं थोडंच!

कामही त्यांच्या स्वभावाचंच मिळालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या पाच टेबलांच्या त्या खोलीत प्रथिनांच्या आकृत्या येत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. पण माळ कुठली, खिशात कोंबलेल्या दोऱ्याचा गुंता! माळेत एकमेकांपासून शंभर मणी लांब असलेले दोघे गुंत्यात खांद्याला खांदा लावून बसलेले सापडतात. कोण कुणाला टेकला आहे याची यादी करायची, म्हणजे औषध बनवणाऱ्यांना कुठे शिरायचं ते कळतं. अंतर मोजायचं अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे अणूंच्या मापाने; साडेचारच्या आत आला तो टेकला, बाहेर राहिला तो परका. आणि प्रत्येक स्पर्श यादीत दोनदा लिहायचा: बारा टेकला चाळीसला, चाळीस टेकला बाराला. म्हणून ओळींची बेरीज सम यायलाच हवी.

"टाळी एका हाताने वाजत नाही," बाई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत. "विषम आली की समजायचं, कुणीतरी लबाडी केलीय."

याच वाक्यावर त्यांनी मास्तरांचा काटा काढला होता. मास्तर म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावरचे वयस्कर गृहस्थ, पूर्वी शाळेत शिकवायचे. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या यादीत एक ओळ जास्त निघाली. शेजारधर्म म्हणून कानात सांगता आलं असतं. बाईंनी हरकतीचा कागद भरला, सही ठोकली आणि तो थेट साहेबांपुढे ठेवला.

"ती ओळ मी लिहिलेली नाही हो," सही व्हायच्या आधी एवढंच मास्तर म्हणाले. म्हणताना डावं मनगट चोळत होते. त्याआधी महिनाभर ते मनगट चोळत होते, आणि बाई त्याची नक्कल इतकी हुबेहूब करत की चहाच्या वेळी फर्माईश व्हायची. मास्तरांना जावं लागलं. खिडकीजवळची खुर्ची बाईंना मिळाली.

या सोमवारी मास्तरांच्या यादीतलं तेच प्रथिन पुन्हा आलं, बाईंच्या टेबलावर. या वेळी आकृती अधिक स्वच्छ, दोनशे बारा मणी, एकही हरवलेला नाही. यादी शुक्रवारी दुपारपर्यंत साहेबांच्या सहीने बंद व्हायची होती. एकदा बंद झालेली यादी कुणी उघडत नसे. बाईंनी प्रोग्रॅम चालवला.

ओळी १८४७.

बाई हसल्या. एखादा मणी स्वतःलाच टेकलेला धरला गेला असेल. नवशिके ही चूक हमखास करतात. तसं काही नव्हतं. एखादी ओळ दोनदा पडली असेल. तीही नव्हती. मग त्यांनी ओळी जोडीजोडीने खोडत आणल्या आणि शेवटी एकच उरली: एकशे सत्तेचाळीस टेकला एकसष्टला, अंतर ३.४. एकसष्टच्या बाजूने मात्र काहीच नव्हतं.

एकशे सत्तेचाळीस होता ग्लायसीन. बाकीच्या मण्यांना बाजूला लहानमोठी फांदी असते, हातासारखी. ग्लायसीनला ती नसते. ज्याला पुढे करायला हातच नाही, तो धरून बसला होता.

बाईंनी पडद्यावर आकृती फिरवून दोघांमधलं अंतर स्वतः मोजलं. १४.२ भरलं. मध्ये दुसरे पाच मणी होते. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. ओळी १८४७, अंतर ३.१.

"काय हो ताई, सकाळपासून एकाच पानावर?" शेजारच्या टेबलावरून घारीने विचारलं. डोळ्यांवरून पडलेलं हे नाव तिला शोभत होतं. तिच्या नजरेतून टाचणी सुटत नसे, आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर तिचा डोळा होता हे बाईंच्या ताळ्यात केव्हाच आलेलं होतं.

"पान मोठं आहे," बाई म्हणाल्या.

"असेल. मास्तरांचंही मोठंच होतं."

मंगळवारी सकाळी जिना चढताना बाईंच्या डाव्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. त्या वळल्या. जिना रिकामा होता, पण हात खांद्यावरच होता. जड नव्हता. गर्दीत ओळखीचं माणूस थांबवायला ठेवतं, तेवढा. त्यांनी उजव्या हाताने खांदा चाचपला. कापड लागलं, कापडाखाली त्यांचंच हाड लागलं. दुसरं काही नाही. तरी पकड होती. तिला बाई लागत होत्या, बाईंना ती लागत नव्हती.

नस आखडली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. खुर्ची जुनी, पाठ वाकडी. टेबलाशी जाऊन प्रोग्रॅम चालवला. अंतर २.९.

बुधवारी २.६. एवढ्या जवळ दोन परके अणू राहूच शकत नाहीत. एक तर जुळतात, नाहीतर एकमेकांना ढकलतात. हा ढकललाही जात नव्हता. बाईंनी ती ओळ हाताने पुसली आणि यादी जपून ठेवली. पुन्हा उघडली तेव्हा ओळ जागेवर होती. दुपारपर्यंत त्यांचा उजवा हात आपोआप खांद्याकडे जायला लागला. एकदा मान वर केली तर घारी आपलं काम सोडून त्यांच्याकडे बघत होती. हसत नव्हती. मोजत होती.

संध्याकाळी घरी सासूबाईंनी त्यांना खिडकीजवळ ओढलं आणि मानेजवळचा कपडा सरकवला.

"हे काय गं?"

"कुठे काय?"

"बोटांचे वळ आहेत. कुणी धरलं होतं?"

"खुर्चीची पट्टी लागली असेल."

"खुर्चीला बोटं कधीपासून फुटली? चार पोरं वाढवलीत मी, मला नको शिकवूस." मग त्या दाराकडे वळून मुलाला म्हणाल्या, "ऐकलंस का रे? तुझ्या बायकोला कुणीतरी धरलंय, आणि तू पेपर वाच."

बाईंच्या नवऱ्याने पेपर खाली केला. "तिला कोण धरणार, आई? तीच सगळ्यांना धरते," तो म्हणाला आणि पान उलटलं.

गुरुवारी बाई अर्धी सुट्टी काढून मास्तरांकडे गेल्या. दार मास्तरांनीच उघडलं, आत या म्हणाले नाहीत. अंग भरलं होतं, चेहरा उजळला होता. डावा हात चौकटीवर मोकळा टेकवलेला होता.

"मनगट बरं दिसतंय," बाई म्हणाल्या.

"उत्तम आहे." मास्तरांची नजर त्यांच्या खांद्यावर गेली आणि तिथेच थांबली. खांद्याच्या किंचित वर. "नक्कल करताय की खरंच?"

"मास्तर, ते सुटलं कधी?"

"तुम्ही कागदावर सही केलीत ना, त्या दुपारी. जिना उतरलो तेव्हा हात पिसासारखा हलका झाला होता. नोकरी गेली म्हणून घरात रडारड चालली होती आणि मी चहात साखर ढवळत होतो, दोन्ही हात मोकळे!" ते पहिल्यांदाच हसले. "तुमचे आभार मानायचे राहिले होते. मानले." आणि त्यांनी दार लावलं.

शुक्रवारी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. ओळी १८४७, अंतर १.९. उजवा हात आता खांद्यावरून खाली येतच नव्हता. डाव्यानेच त्यांनी हरकतीचा कोरा कागद घारीच्या टेबलावर ठेवला.

"माझी यादी विषम आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यावर हरकत लिही. ही खुर्ची तुला हवीय ना? घे."

घारीने कागदाला बोटही लावलं नाही. खुर्ची तेवढी मागे सरकवली.

"मास्तर मनगट चोळायचे, तेव्हा तुम्ही नक्कल करायचात आणि मी बघायचे, ताई. सोमवारपासून तुम्हाला बघतेय. मी सही करणार नाही."

"अगं, आयती संधी आहे!"

"तुम्हालाच लखलाभ होवो."

मग बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब एका हाताने फोन धरून दुसऱ्याने फाईल बांधत होते. बाई उभ्या उभ्या म्हणाल्या, "माझी यादी चुकलीय. एक ओळ खोटी आहे. माझ्यावर हरकत घाला आणि मला काढून टाका. आत्ताच. यादी बंद करायच्या आधी."

साहेबांनी फोन ठेवला. अठरा वर्षांत या बाईने दुसऱ्यांच्या चुका आणल्या होत्या, स्वतःची पहिल्यांदाच. "बसा," ते म्हणाले. बाई बसल्या नाहीत. साहेबांनी स्वतःच्या यंत्रावर यादी उघडली आणि प्रोग्रॅम चालवला.

घारी दारापर्यंत आली होती. उंबऱ्याच्या बाहेर थांबली.

साहेबांनी पडदा बाईंकडे वळवला.

"कुठे चुकलीय? सम आहे की!"

ओळी १८४८.

बाईंनी वाकून ती जागा शोधली. एकशे सत्तेचाळीस टेकला एकसष्टला. आणि बरीच वर, सकाळपर्यंत नव्हती ती ओळ: एकसष्ट टेकला एकशे सत्तेचाळीसला. दोन्हीकडे अंतर सारखं.

"दमला आहात," साहेब म्हणाले. "दोन दिवस विश्रांती घ्या. यादी बंद करतो." त्यांनी सही केली.

दारात घारी दोन पावलं मागे गेली.

बाईंचा उजवा हात खांद्यावर होता. आठवडाभर तिथे नुसतं कापड लागत होतं. आता त्यांच्या बोटांखाली बोटं होती. थंड नव्हती, उबदारच होती, आणि त्यांचा हात आल्याचं कळून ती हळूच मिटली.

हात एकच होता. सवयीने बाईंनी त्याची बोटं मोजली.

सम भरली.