चित्रांतल्या बंद खिडक्या

चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका सकाळीच वाचनालयात आल्या आणि ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या. जुन्या चित्रांमधल्या खिडक्यांवर कोणी काही लिहिलंय का, एवढंच त्यांना हवं होतं. बाईंना अशी कामं मनापासून आवडत. कला-साहित्याच्या नियतकालिकांची ऑनलाइन सूची म्हणजे त्यांचं दुसरं घरच. त्यांनी शब्द टाकले, आणि पहिलीच नोंद वाचून हात माउसवर तसाच राहिला.

'चित्रांतल्या बंद खिडक्या'. खाली लेखिकेचं नाव. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, आडनावासकट.

ताईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आजारपणात तिनं एक वही पुढे केली होती. "सवडीनं टाईप करून कुठंतरी पाठव गं."

"बघते ना, ताई."

बघते-बघते म्हणता चार महिने सरले आणि ताई गेली. पुढे घर आवरताना ती वही रद्दीत गेली. बाईंनी हे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"सापडलं का काही?" शिक्षिकेनं विचारलं.

"हो... सापडलं."

लेख नऊ वर्षांपूर्वीचा होता. नावासारखं नाव असतं, असं म्हणत बाईंनी तो उघडला. पहिलं वाक्य वहीतलंच होतं: 'खिडकी बंद आहे, म्हणजे आत कोणीतरी आहे.' वहीचं तेवढं एकच पान त्यांनी वाचलं होतं.

खाली त्याच लेखिकेचे आणखी नऊ लेख होते. दर वर्षी एक. शेवटचा गेल्या महिन्यातला.

लेखांच्या प्रती घेऊन शिक्षिका खुशीत निघून गेल्या. बाईंनी नियतकालिकाच्या कार्यालयाला फोन लावला. वयस्क संपादकांनी उचलला.

"त्या लेखिकाबाई ना? ओळखतो तर! दर वर्षी स्वतः येतात हस्तलिखित घेऊन. गेल्या महिन्यातच आल्या होत्या."

"कशा आहेत?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"थकल्यात हो. केस पार पांढरे झालेत. जिना चढताना दोनदा थांबल्या. अक्षरही आता लागत नाही."

ताई गेली तेव्हा तिचे केस काळेभोर होते.

"बरोबर कोणी नसतं?"

"मीही तेच विचारलं. म्हटलं, घरात कोणी टाईप करून देणारं नाही का?"

"मग?"

संपादकांनी आवाज खाली आणला.

"धाकटी बहीण होती म्हणे. अकरा वर्षांपूर्वी आजारपणात गेली. तिनं काहीतरी मागितलं होतं, आणि यांनी नुसतं बघते-बघते केलं. अजून मनाला लावून घेतलंय बिचारीनं."