आखणीचा दिवा

ही गोष्ट कुणाच्या मावशीच्या जावेनं सांगितलेली नाही. रोह्यात माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नमिताच्या बाबतीत ती घडली आहे, आणि तिचा फोन मी माझ्या डोळ्यांनी बघितला आहे. ज्यांना पटणार नाही त्यांचं मी काही वाईट मानणार नाही. मलाही पटू नये असंच वाटतं.

गेल्या वर्षीचा एप्रिल. गुरुवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

हो, दुपारचे. भुतं रात्रीच येतात हे ज्यानं ठरवलं, त्यानं आमच्याकडची एप्रिलमधली दुपार बघितलेली नसावी. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

नमिता शिवणकाम करते. वय सेहेचाळीस, बारावी नापास. पण मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून ती घरातली बटणं फोनवरून चालवायला शिकली. हौसेनं नाही, गरजेनं.

तिचा थोरला भाऊ जगन पेणजवळ हमरापूरला राहायचा. गणपतीच्या मूर्तींचा छोटा कारखाना होता त्याचा. छातीत आयुष्यभराची प्लास्टरची धूळ, त्यात अर्धांगवायूचा झटका आला. खाटेवर पडला तो पडलाच. उजव्या हाताचं एक बोट तेवढं नीट हलायचं.

मग नमितानं त्या घरातले पंखे, दिवे, पाण्याची मोटर, ऑक्सिजनचं मशीन, सगळं वायफायच्या बटणांवर आणलं. जगनचा फोन, त्याची बायको हौसा हिचा फोन आणि स्वतःचा, अशा तिन्ही फोनवर ते अ‍ॅप टाकलं.

अ‍ॅपमधली यादी मात्र अशी... स्विच वन, स्विच टू, स्विच थ्री, थेट स्विच इलेव्हनपर्यंत. जगन पंखा लावायला जायचा नि मोटर सुरू व्हायची. अंगणात तळं.

"नमे, ह्या यादीपरीस काठी दे मला," तो म्हणायचा. "एका बोटात काठी तरी मावंल."

नमितानं अ‍ॅपच्या कंपनीला लांबलचक तक्रार लिहिली. तिकडून सुरभी नावाच्या मुलीचा फोन आला, "ताई, मग यादी कशी हवी ते तुम्हीच सुचवा ना."

नमितानं सुचवलं. नावं घरच्या भाषेत ठेवता आली पाहिजेत. अक्षरं मोठी पाहिजेत. आणि जे शेवटी वापरलं ते आपोआप सगळ्यात वर आलं पाहिजे, म्हणजे एका बोटाच्या माणसाला यादी सरकवत बसायला नको.

आणखी एक गोष्ट होती. घरातून निघताना दाबायचं एक बटण होतं. दाबलं की घरातल्या बाकीच्यांना कळायचं, हे माणूस बाहेर गेलं. कंपनीनं त्यावर लिहिलं होतं, 'जाते'.

"असं लिहू नका हो," नमिता म्हणाली. "आमच्याकडं उंबऱ्यातून निघताना कुणी जाते म्हणत नाय. जाते म्हणजे कायमची. 'येते' लिहा."

सुरभी हसली. पण तिनं लिहिलं. माणूस बाहेर पडलं की नावापुढं 'येते'. परत आलं की 'आली'.

हौसानं मग यादीचं बारसंच केलं. 'ह्यांचा पंखा'. 'ह्यांचं मशीन'. 'आगाऊ मोटर'. आणि तिचा स्वतःचा, 'आखणीचा दिवा'.

हौसा मूर्तींचे डोळे काढायची. त्याला आखणी म्हणतात. सगळे रंग चढले की शेवटी आखणी, तोवर मूर्ती बघत नसते. ती काढायची ते डोळे समोरच्याला ओळखल्यासारखे बघायचे. त्यासाठी तिनं खिडकीपाशी एक वाकत्या मानेचा दिवा ठेवला होता.

गणपतीला पंधरा दिवस होते. एका मूर्तीचा एक डोळा झाला आणि काळा रंग संपला. हौसानं फोनवर 'येते' दाबलं. तोंडानंही म्हणाली, "दुसरा डोळा आल्यावर काढते हां. येते."

पेणच्या एसटी स्टँडवर रंगाची पिशवी मांडीवर घेऊन ती बाकावर बसली...

ती उठली नाही.

दिवस उरकल्यावर नमितानं तो दिवा भंगारात दिला. त्याचं वायफायचं बटण काढून आणलं आणि हौसाच्या बंद फोनबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं. डबा रोह्यात, तिच्या कपाटात.

यादीतली नावं मात्र राहिली. "समोर लिहिलेलं होतं, 'काढून टाका'," नमिता मला म्हणाली. "वहिनीच्या नावावर ते दाबायला बोट धजलं नाय गो."

आठ महिने तिथं तेच होतं.

हौसा : येते.

"दादा, रोह्याला चल माझ्याकडं," नमिता दर रविवारी सांगायची.

"ती येते म्हणून गेलेय," जगन म्हणायचा. "कुलूप बघून माघारी फिरली म्हंजे?"

सकाळ-संध्याकाळ एक बाई स्वयंपाकाला यायची. शेजारचा कारखानदार हिरामण डोकावून जायचा. आणि नमिता रोह्यात शिवता शिवता फोन समोर ठेवायची. 'ह्यांचं मशीन : चालू' दिसलं की भाऊ आहे. एवढाच तिचा त्याच्याशी धागा. आई नाही, बाप नाही, स्वतःचा संसार नाही. एक भाऊ, तो यादीतल्या एका ओळीवर.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी ती ओळ बघताना तिला काहीतरी वेगळं दिसलं.

यादीच्या तळाला 'आखणीचा दिवा' राखाडी पडून असायचा.

तो... हिरवा होता.

नमितानं कपाट उघडलं. डबा उघडला. बटण तिथंच होतं, वायरीशिवाय, विजेशिवाय. तिनं ते उचललं.

कोमट होतं.

उन्हाळा आहे, ती स्वतःला म्हणाली. कपाट भिंतीला आहे, भिंतीवर ऊन येतं. माणूस स्वतःला काय काय सांगतं.

मंगळवारी दिवा यादीत आठवा होता. बुधवारी पाचवा. शनिवारी तिसरा.

जे वापरलं जातं ते वर येतं. नियम तिचाच होता.

तिनं सुरभीला फोन केला. सुरभीनं तिकडून दिवा यादीतून काढला. दोघी फोन धरून बसल्या. मिनिटभर काही नाही...

मग पडद्यावर आलं, 'नवीन उपकरण सापडलं. आखणीचा दिवा. जोडू का?'

नमितानं 'नको' दाबलं.

यादीत तो दुसरा होता.

तेवढ्यात जगनचा फोन. "नमे, दिवा काढू नको गो. तिला दिसत नाय मग."

"कुणाला, दादा?"

तो हसला. लाजल्यासारखा. लग्नाआधी हौसाचं नाव काढलं की हसायचा तसा.

रविवारची वाट न बघता नमिता रोह्याहून गाडी पकडून हमरापूरला उतरली. खिडकीपाशी दिव्याची जागा रिकामी होती. भिंतीतल्या प्लगवर कोळिष्टक, जसंच्या तसं. कोपऱ्यात ती एका डोळ्याची मूर्ती.

नमिता जवळ गेली.

दुसऱ्या डोळ्याच्या जागी... वरची रेघ होती. एकच. ओढ घेऊन बारीक होत गेलेली.

"हिरामणदादा, तुम्ही हात लावला काय हिला?"

"माझं डोकं फिरलंय?" हिरामण दारातूनच म्हणाला. आत आला नाही. "असली रेघ ओढता आली असती तर आजवर लोकांच्या शिव्या कशाला खाल्ल्या असत्या? माझे गणपती चकणे म्हणून तुझी वहिनीच हसायची." मग आवाज उतरला. "न्हे गो त्याला. उचलून न्हे."

"पुढच्या शनिवारी गाडी सांगते. उचलूनच नेते," नमिता म्हणाली.

जगन खाटेवरून ऐकत होता. मूर्तीकडं बघत राहिला.

आणि गुरुवार आला.

नमिता ब्लाऊजला हुक लावत होती. फोन एकदाच थरथरला.

तिनं बघितलं.

हौसा : आली.

तीन वाजून दहा मिनिटं.

तिनं अ‍ॅप उघडलं. सगळ्यात वर 'आखणीचा दिवा : चालू'. त्याखाली 'ह्यांचं मशीन : चालू'. दिवा बंद करायला हवा, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिनं वरच्या ओळीवर बोट टेकवलं...

त्याच क्षणी यादी हलली.

बोटाखाली दिवा नव्हता.

'ह्यांचं मशीन : बंद.'

तिनं पुन्हा दाबलं. यादी हलली. पंखा बंद झाला. पुन्हा दाबलं. मोटर. मशीनची ओळ खाली सरकत होती. ती बोट नेईल तिथून एक घर खाली. चौथी. सातवी. तळाला.

राखाडी.

तिनं जगनला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. मागं मशीनची घरघर नव्हती. पंख्याचा आवाज नव्हता. आणि जगनचा आवाज... झटक्याआधीसारखा स्वच्छ.

"आली गो," तो म्हणाला.

"दादा, मशीन लाव! बोट दाब, दादा!"

"चिडू नको, नमे. काळा रंग आणलाय तिनं." मग म्हणाला, "येतो."

फोन बंद झाला.

हिरामण पेणला गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. स्वयंपाकाची बाई सहाला यायची. नमिता रिक्षा करून निघाली. नागोठण्याच्या पुढं रस्ता तुंबलेला, ती रिक्षातून उतरून पळाली, दुसरी पकडली. पोचली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

जगन गेला होता. तोंड कोपऱ्याकडं. चेहरा असा की वाईटही वाटू नये.

मूर्तीला दोन डोळे होते. दुसऱ्याचा काळा रंग अजून ओला होता. आणि दोन्ही डोळे खाटेकडं बघत होते.

पंधरवड्यानं सुरभीनं सगळी नोंद तपासली. फोन करून म्हणाली, "ताई... मशीन तुमच्या फोनवरून बंद झालंय. त्या दिवशी दुसऱ्या कुणीच काही दाबलेलं नाही."

"आणि दिवा?"

"असा दिवा आमच्याकडं नाहीच, ताई."

कंपनीनं ती यादी सुधारली. आता बोट टेकलेलं असताना ओळी हलत नाहीत. कुणाच्या तरी घरी उपयोग होईल. नमितानं हे मला सांगितलं तेव्हा ती हसली. ते हसू मला पुन्हा बघायचं नाही.

तेराव्यानंतर हमरापूरच्या घराला कुलूप तिनंच लावलं. किल्ली फिरवताना सवयीनं तोंडातून निघून गेलं... "येते."

जीभ चावली. पण शब्द तर गेला होता.

तिनं अ‍ॅप काढून टाकलं. दोनदा. ते परत येतं. मागच्या महिन्यात फोन तिनं माझ्यासमोर धरला आणि मी वाचलं.

हौसा : आली.

जगन : आला.

नमिता : येते.

पूर्वी माझ्याकडून चहा पिऊन उठली की "येते गो" म्हणायची. हल्ली काहीच न बोलता उठते. परवा मी न राहवून विचारलं, "निघालीस?"

ती उंबऱ्यात थांबली. माझ्याकडं पाठ.

मग म्हणाली, "जाते."

आज सकाळी भिंतीपलीकडून तिच्या शिलाई मशीनचा आवाज आला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

आता दुपार होत आली आहे. आवाज थांबला आहे. जेवायला बसली असेल...

मी कान लावून बसले आहे.